राखीव गड्याची पाळी

न्यू इंग्लंड पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा रिसीव्हर ज्युलियन एडलमन याने 2011 च्या संपूर्ण नियमित हंगामात अवघे 4 पास झेलले आणि दोनच वर्षांनी, 2013 च्या हंगामात, त्याच गृहस्थाने 105 पास झेलून दाखवले. मधल्या काळात त्याच्या हातांना काही सिद्धी प्राप्त झाली असे म्हणावे, तर पास फेकणारा टॉम ब्रेडी तोच होता, प्रशिक्षक बिल बेलिचिक तोच होता आणि संघाचे धोरणही बव्हंशी तेच होते. बदलले ते एवढेच की, 2011 मध्ये एकट्याने 122 पास झेलणारा वेस वेल्कर 2013 च्या वसंतात डेन्व्हरच्या संघात निघून गेला, धिप्पाड रॉब ग्रॉन्कोव्स्की दुखापतींमुळे त्या हंगामाचा बराच काळ मैदानाबाहेर राहिला, आणि मध्यंतरी गरजेपोटी बचावफळीतही राबवून घेतलेला हा उमेदवार रिकाम्या झालेल्या जागेवर रुजू झाला. पुढे फेब्रुवारी 2019 मधील सुपर बोल या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. तेव्हा त्या 4 पासांच्या हंगामात नेमके काय कमी होते, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने तो केवळ अमेरिकेपुरता ठेवू नये.

कारण हा प्रश्न आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यालाही, ज्याला जुनी माणसे अद्याप नुसते ‘नगर’ म्हणतात, परका नाही. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे 6 जून 1988 रोजी जन्मलेला अजिंक्य रहाणे कसोटी संघात निवडला गेल्यावर सोळा महिने निव्वळ राखीव म्हणून संघाबरोबर हिंडत होता. आणि याच जिल्ह्यातून पुढे आलेला कबड्डीपटू अस्लम इनामदार पुणेरी पलटण संघात दाखल झाला तेव्हा त्याच्या पुढे देशातील दोन नामवंत चढाईपटू उभे होते. गावोगावच्या मैदानांच्या कडेला बसणाऱ्या जाणत्या मंडळींना अशा खेळाडूंविषयी विचारावे, तर दोनच उत्तरे मिळतात: एक, पोरात तेवढा कस नाही, दुसरे, पोराचा वशिला नाही. दोन्ही उत्तरे अगदीच निराधार आहेत असे मी म्हणणार नाही; परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या रचनेत दडलेले आहे तो प्रश्न माणसांच्या गुणदोषांवर सोपवून मोकळे होण्याची आपली सवय जुनी आहे, आणि या आढाव्याचा रोख त्या सवयीवर आहे. संघात नाव लागणे, मैदानात पाऊल पडणे आणि मैदानात असताना ज्याच्या हाती वाटप आहे त्याची नजर आपल्याकडे वळणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक खेळाने यांपैकी निराळ्या दारावर आपला चौकीदार बसवला आहे, आणि वादविवादात ही दारे एकमेकांत मिसळून गेल्यामुळेच पुष्कळसा घोळ होतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये सर्वांत कडक पहारा तिसऱ्या दारावर असतो. व्यावसायिक संघाच्या हजेरीपटावर 53 नावे असतात, पण चढाई करणाऱ्या बाजूने एका वेळी 11 जण उतरतात. त्यांपैकी 5 जण पुढच्या भिंतीचे, ज्यांना सामान्यतः पास झेलण्याचा अधिकारच नसतो, आणि एक क्वार्टरबॅक, ज्याच्या हातून चेंडू सुटायचा. उरलेल्या पाचांत आजकाल बहुधा तिघे रिसीव्हर असतात. म्हणजे पदानुक्रमाने चौथा असलेला रिसीव्हर बहुतेक डावपेचांत मैदानावर पाऊलच टाकत नाही, आणि टाकतो तेव्हा बव्हंशी कोणी दमला म्हणून किंवा सामना एकतर्फी झाला म्हणून. बरे, पाऊल पडले तरी पुढे काय? एका सामन्यात एका संघाचे पास साधारण 30 ते 35. ते पाच जणांत वाटायचे. आणि फेकणाऱ्याला विचार करण्यास अडीच-तीन सेकंदांपलीकडे सवड नाही. एवढ्या अवधीत त्याने प्रथम कोणाकडे पाहावे, तो अडवला गेल्यास दुसरा कोण, मग तिसरा कोण, हा क्रम आधीच ठरलेला असतो. क्रमातल्या शेवटच्या माणसापर्यंत नजर पोहोचते न पोहोचते तोच प्रतिपक्षाचे दोन-तीन धटिंगण अंगावर येऊन कोसळतात. शेवटचा माणूस दूर कोठेतरी मोकळा धावत असतो, प्रेक्षकांना तो दिसतो, घरी बसून पाहणाऱ्याला तर फारच स्पष्ट दिसतो. ज्याने पाहायला हवे त्याला मात्र डोके वर करण्याची फुरसत नसते.

याहून सूक्ष्म कारण विश्वासाचे आहे. चांगला पास हा झेलणाऱ्याने वळून पाहण्यापूर्वीच हातातून सुटलेला असतो; आठ पावले धावून तो नेमका कोठे वळेल, प्रतिपक्षाने अंगाशी रेटले तर वाट आतून काढील की बाहेरून, याचा अंदाज फेकणाऱ्याच्या अंगात मुरलेला असावा लागतो, आणि तो मुरतो तो केवळ सरावातील पुनरावृत्तीने. सरावाचा वेळ मोजका असल्यामुळे तो पहिल्या फळीच्या वाट्याला जातो. राखीव रिसीव्हरला त्या वेळी बहुधा पुढच्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याची सोंगे आणून आपल्याच बचावफळीची तालीम करून द्यावी लागते. शिवाय त्याची नोकरी बरेचदा पास झेलण्यावर अवलंबून नसून, लाथेने दूर उडवलेल्या चेंडूमागे धावून तो धरणाऱ्याला लोळवण्यासारख्या ओबडधोबड कामांवर टिकून असते. म्हणजे, पास मिळत नाहीत म्हणून विश्वास बसत नाही, विश्वास नाही म्हणून सराव नाही, आणि सराव नाही म्हणून पास नाहीत.

हे चक्र नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. 1926 मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून फिरू लागल्यापासून चारीच्या शेपटाला असलेल्या जमिनीची कैफियत हीच आहे: पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज वेळेवर भरलेला, पाणीपट्टी चुकती केलेली, तरीही आवर्तनाचे पाणी वरच्या उसात जिरून खाली येईपर्यंत त्याची केवळ ओल उरते, आणि पीक साधले नाही म्हणून पुढच्या साली त्या शेतकऱ्याची मागणीही दुबळी दिसू लागते. सरकारी पाटबंधारे खात्याने निदान कागदोपत्री यावर तोड काढली. शेजपाळीत, म्हणजे क्रमवार पाळीने पाणी वाटताना, ते शेपटाकडून मुखाकडे द्यावे असा शिरस्ता घातला. खेळांमध्ये तशी शेजपाळी कोणी घालून दिलेली नाही, आणि दिली तर प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागतील.

कबड्डीत हा मामला अधिक रंजक होतो, कारण तेथे वाट्याचा निकाल माणसाच्या मर्जीइतकाच नियमांच्या कलमांवर लागतो. हुतूतूच्या काळापासून महाराष्ट्रात या खेळाचे तीन प्रकार नांदत होते. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जात नसे, प्रतिपक्षाला केवळ गुण मिळे. साहजिकच संघातला वाघ अखेरपर्यंत मैदानात राही आणि हवे तर प्रत्येक चढाई त्यालाच करता येई. ‘गामिनी’ प्रकारात बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत परतत नसे. परिणामी मुख्य चढाईपटू लवकर पडला की ज्यांना एरवी कोणी पुढे पाठवले नसते त्यांना, इच्छा असो वा नसो, दम घेऊन मध्यरेषा ओलांडावीच लागे. ‘संजीवनी’ प्रकाराने मधला मार्ग काढला: प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक, ज्या क्रमाने गेला त्याच क्रमाने, आत येतो. आज सर्वत्र याच तत्त्वावर खेळ चालतो, आणि तिसऱ्या चढाईपटूची मिळकत मुख्य चढाईपटू किती वेळ बाहेर बसतो यावर प्रामुख्याने ठरते. गुणी खेळाडूंची गुणवत्ता या तिन्ही प्रकारांत एकच राहिली असती. त्यांच्या चढायांची संख्या मात्र तिन्हींत तीन प्रकारची झाली असती, हे ध्यानात घेतल्यास ‘कस नाही’ या उत्तराचा जोर पुष्कळ ओसरतो.

आता हिशेब पाहू. चाळीस मिनिटांचा सामना, तीस सेकंदांची पूर्ण चढाई, म्हणजे दोन्ही बाजू मिळून 80 आणि एका बाजूच्या 40 चढाया. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास पहिला चढाईपटू घेऊन जातो. उरलेल्यांतून दुसऱ्याचा वाटा वजा केला की तिसऱ्याच्या पदरात पडते ते चिल्लर. या चिल्लरीचे स्वरूपही तपासण्याजोगे आहे. प्रो कबड्डी लीग 2014 मध्ये सुरू झाली तेव्हापासून लोकप्रिय झालेल्या नियमानुसार सलग दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, अन्यथा चढाई करणारा बाद. अशा ‘करा वा मरा’ चढाईला पुष्कळदा मुख्य चढाईपटूस राखून दुसऱ्या-तिसऱ्यालाच पिटाळले जाते, कारण तो पडला तरी नुकसान सोसण्याजोगे असते. प्रतिपक्षाला तर ठाऊकच असते की, हा नुसता हात हलवून परत जाणार नाही, याला गुण आणावाच लागेल. कोपरारक्षक त्याची वाटच पाहत असतात. मग हंगामाअखेर पुस्तकात त्याच्या नावापुढे अपयशाचे प्रमाण मोठे दिसते, आणि त्या प्रमाणाचा दाखला देऊन पुढच्या वर्षी त्याच्या चढाया आणखी कमी केल्या जातात! ज्याला केवळ कठीण कामे दिली त्याच्या यशाची तुलना ज्याला सगळी कामे दिली त्याच्याशी करणे, हा हिशेबातला दोष आहे; पण संघचालकांच्या दफ्तरात तो वर्षानुवर्षे बिनबोभाट चालत आला आहे.

पुणेरी पलटणच्या बाबतीत 2021 च्या डिसेंबरात बंगळुरूला सुरू झालेल्या आठव्या हंगामात जे घडले ते यासाठीच उद्बोधक आहे. साथीच्या भीतीने सगळे संघ एकाच शहरात कोंडलेले, प्रेक्षकांना मज्जाव, आणि पलटणच्या दिमतीला राहुल चौधरी व नितीन तोमर ही दोन जुनी, मोठी नावे. या नावांकडून अपेक्षेइतके गुण येईनात, तेव्हा प्रशिक्षक अनुप कुमार यांनी नवोदितांना पुढे केले. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोघांनी चढायांचा भार उचलला आणि संघ बाद फेरीत पोहोचला. आरंभीच्या सामन्यांत राहुल चौधरी तळपला असता तर? तर बहुधा अस्लम आणखी एखादा हंगाम कडेला बसला असता, आणि त्याच्यात कस नाही असे म्हणणारे जाणते नगरमध्येही निघाले असते. तसे झाले नाही. दहाव्या हंगामात तो त्याच संघाचा कर्णधार होता, ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझो येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय चमूत होता, आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पलटणने प्रथमच विजेतेपद मिळवले तेव्हा नेतृत्व त्याचेच होते.

सहकाऱ्यांचे अपयश जसे राखीवाला दार उघडून देते, तसे सहकाऱ्यांचे यश ते लावून घेते. खो-खोत संरक्षण करणारे नऊ गडी तिघातिघांच्या तुकड्यांनी आत उतरतात. पहिली तुकडी बाद झाल्याखेरीज दुसरी उतरत नाही, आणि पहिल्या दोन तुकड्यांनी पाळी खेळून काढली की तिसऱ्या तुकडीला त्या पाळीत काही करायचेच उरत नाही. तिच्या रिकामपणाचा ठपका कोणावर ठेवायचा? फेब्रुवारी 1988 मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस ढाल स्पर्धेत शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध 664 धावांची अभेद्य भागी केली, त्या अवधीत पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा अमोल मुझुमदार होता, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिच्याकडे आपण गमतीची आठवण म्हणून पाहतो. पण पुढे रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध 260 धावा करणाऱ्या आणि प्रथम श्रेणीत 11,167 धावा जमवणाऱ्या या माणसाला भारतीय संघात एकदाही जागा मिळाली नाही, कारण ज्या काळात तो उभा राहिला त्या काळात मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण ठाण मांडून होते. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. पद्माकर शिवलकरांचा खटला याहून कठोर. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूचे 8 गडी 16 धावांत गारद करणारा, प्रथम श्रेणीत 589 बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदीच्या समकाली जन्मला. हरियाणाच्या राजिंदर गोयलचेही तसेच झाले. डावखुऱ्या संथ फिरकीला संघात जागा एक, आणि ती बेदीची. येथे चौकीदार पहिल्याच दारावर बसलेला होता.

क्रिकेटची ही विशेषता लक्षात घेतली पाहिजे. एकदा अकरांत नाव लागले की फलंदाजाची पाळी, सामना तितका लांबला तर, कोणी हिरावून घेऊ शकत नाही; सहाव्या क्रमांकावर आलेल्याकडे चेंडू टाकायचा की नाही हे कोणी ठरवत नाही. बाहेर असलेल्याला मात्र काहीच नाही: बारावा गडी क्षेत्ररक्षण करील, पाणी नेईल, हातमोजे बदलून देईल, पण त्याने बॅट वा चेंडू हाती घेऊन खेळायचे नाही. म्हणून रहाणेचे प्रकरण फुटबॉलच्या राखीव रिसीव्हरपेक्षा बाहेरून निराळे, आतून तेच. 2008-09 च्या रणजी हंगामात 1,089 धावा केलेला हा फलंदाज नोव्हेंबर 2011 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेसाठी कसोटी संघात आला, ऑस्ट्रेलियाचा दौरा करून आला, आणि खेळला नाही. द्रविड मार्च 2012 मध्ये निवृत्त झाले, लक्ष्मण ऑगस्टमध्ये. जागा मोकळ्या झाल्या आणि पुजारा, रैना, युवराज यांच्याकडे गेल्या. डिसेंबरात नागपूरला रवींद्र जाडेजाने पदार्पण केले. मार्च 2013 मध्ये मोहालीला शिखर धवनने पदार्पणात 187 धावा काढल्या, त्याच्या हाताला दुखापत झाली, आणि तेव्हा कोठे 22 मार्चला दिल्लीत आश्वीच्या या मुलाला कसोटीची टोपी मिळाली. खेळपट्टी कोरडी, फिरकीला वळणारी, सामना तीन दिवसांत आटोपलेला. त्याच्या धावा 7 आणि 1. सोळा महिन्यांच्या मुदतीनंतर एकाच सामन्याचा असा दाखला हाती आला असता पुष्कळांची फाइल तेथेच बंद झाली असती. त्याची झाली नाही याचे श्रेय निवडकर्त्यांना दिले पाहिजे, आणि वशिल्याच्या सिद्धांतावर भिस्त ठेवणाऱ्यांनी हा पुरावाही विचारात घ्यावा. डिसेंबर 2013 मध्ये दरबानला त्याने नाबाद 51 आणि 96 धावा केल्या, पुढच्या वर्षी वेलिंग्टन व लॉर्ड्स येथे शतके ठोकली. दिल्लीतल्या आठ धावांवरून त्याच्याविषयी काय कळले होते? जवळजवळ काहीच नाही. राखीवाच्या बाबतीत अडचण हीच असते की, त्याच्याविषयीचा पुरावा इतका तोकडा असतो की त्यावरून अनुकूल वा प्रतिकूल कोणताच निर्णय निघत नाही, आणि निर्णय निघत नाही तोवर जुनी वहिवाट चालू राहते.

वशिल्याची बाजू मी सर्वस्वी नाकारीत नाही. मोठी रक्कम मोजून घेतलेल्या खेळाडूला बसवणे म्हणजे रक्कम मोजणाऱ्याने स्वतःची चूक कबूल करणे होय, आणि अशा कबुलीला मालकवर्ग नेहमीच नाखूष असतो. अमेरिकेत काय किंवा प्रो कबड्डीच्या लिलावात काय, उंच भावाच्या नावाला दोन संधी अधिक मिळतात. मात्र याला वशिला म्हणण्यापेक्षा गुंतलेल्या पैशाची ओढ म्हणणे न्याय्य ठरेल.

मग वाटप समान करावे काय? तसे कोणी शहाणा म्हणणार नाही, पण सध्याचे वाटप नेहमी योग्यच असते असेही नाही. पहिल्या चढाईपटूने पंचवीस चढाया केल्या तर सव्विसाव्या वेळी बचावपटूंना त्याचा पवित्रा, त्याचा डावा पाय, त्याची निदान रेषेजवळची चाल पाठ झालेली असते. त्याची सरासरी थोर असली तरी त्या सव्विसाव्या चढाईचे मोल तिसऱ्याच्या पाचव्या चढाईहून कमी असू शकते. चतुर प्रशिक्षक सरासऱ्यांची तुलना करीत बसत नाही, पुढच्या एका चढाईची करतो. जेथे दोघांचे मोल समसमान होते तेथवर तो पहिल्याचा वाटा उतरवीत नेतो. अमेरिकेतही सारा बचाव वेल्करसारख्या एकाभोवती गोळा झाला की दूरच्या कडेला उभ्या असलेल्या अनोळखी गड्याकडे टाकलेला पास सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लांब जाणारा ठरतो. परंतु असा पास फुकट गेला तर टीका होते, आणि नेहमीच्या माणसाकडे टाकलेला फुकट गेला तर होत नाही. फेकणारा मनुष्यच असल्यामुळे तो टीका टाळतो.

अलीकडे नियमकर्त्यांनी दारे थोडी किलकिली केली आहेत. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण अधिकाराचा बदली खेळाडू देण्याची सोय ऑगस्ट 2019 पासून कसोटीत आली; त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी आलेल्या मार्नस लाबुशेनने 59 धावा केल्या आणि पुढे कित्येक वर्षे संघातील जागा सोडली नाही. 2023 पासून आयपीएलमध्ये ‘इम्पॅक्ट प्लेअर’ हा बारावा माणूस खेळू लागला. त्याने राखीवाचे भले झाले, अष्टपैलूंचे नुकसान झाले, आणि खेळाची चव बिघडली असे माझे मत आहे.

पुणेरी पलटणचा अकरावा हंगाम या साऱ्या विवेचनाला थोडा छेद देतो, म्हणून त्याचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2024 च्या त्या हंगामात अस्लम दुखापतीने बाहेर गेला, त्याच्या चढाया पंकज मोहिते, आकाश शिंदे आदी मंडळींत वाटल्या गेल्या, विजेत्या संघातील हे सगळे गडी कसलेले होते, संधी भरपूर होती. आणि गतविजेता संघ बाद फेरीपर्यंतसुद्धा पोहोचला नाही. बाराव्या हंगामात कर्णधार परतला, पलटण पुन्हा अंतिम सामन्यात गेली, आणि 31 ऑक्टोबर 2025 रोजी दबंग दिल्लीकडून 28-31 अशी हरली.